कोथरूडमध्ये घर बघताय? आधी गल्ली बघा

पुण्यात घर शोधणाऱ्यांच्या यादीत कोथरूड बहुतेकदा पहिल्या तिनात असतंच. अडचण पुढे येते. एजंटला नुसतं ‘कोथरूड’ सांगितलं की तो पहिल्या दिवशी नळस्टॉपजवळचा फ्लॅट दाखवतो, दुसऱ्या दिवशी भुसारी कॉलनीतला, आणि तिसऱ्या दिवशी चांदणी चौक ओलांडून बावधनला नेतो आणि ‘हे पण कोथरूडच धरा’ म्हणतो. नळस्टॉप एरंडवण्यात आहे आणि बावधन हे बावधन आहे. उरलेल्या खऱ्या कोथरूडातही दोन गल्ल्यांत इतका फरक पडतो की सगळ्या परिसराला मिळून एकच गुण देणं म्हणजे अख्ख्या थाळीला एकच चव आहे म्हणण्यासारखं.

नकाशा डोक्यात बसवायला पौड फाटा धरा. डेक्कनकडून येणारा कर्वे रस्ता इथे फुटतो. डावीकडे कर्वे रस्ताच पुढे कर्वे पुतळा, डहाणूकर कॉलनी, वारज्याकडे जातो. उजवीकडे पौड रस्ता आयडियल कॉलनी, आनंदनगर, वनाझ, कोथरूड डेपो करत चांदणी चौकाला जातो. दोघांच्या मधल्या पाचरीत मयूर कॉलनी, गावठाण वगैरे. पौड रस्त्याच्या उत्तरेला जमीन चढत वेताळ टेकडीला भिडते, कर्वे रस्त्याच्या दक्षिणेला कर्वेनगरकडे, म्हणजे मुठेच्या बाजूला उतरते.

मेट्रो पौड रस्त्यावरून जाते. ही गोष्ट जाहिरातीत सोयीस्करपणे विसरली जाते. वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी आणि मग नळस्टॉप, अशी स्थानकं आहेत. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज हा पाच किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, ऑगस्ट २०२३ मध्ये गाडी रुबी हॉलपर्यंत गेली आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत. कर्वे पुतळा किंवा डहाणूकर कॉलनीतून जवळचं स्थानक दीड-दोन किलोमीटर पडतं. ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ असं लिहिलं असेल तर ती पाच मिनिटं दुचाकीची आणि रविवार सकाळची आहेत असं समजायचं.

मोजायची पद्धत सोपी आहे. सोसायटीच्या फाटकापासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत चालत जा, घड्याळ लावून, कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान. पौड रस्ता ओलांडायला लागणारा वेळ त्यात धरा. बारा मिनिटांच्या आत पोचलात तर मेट्रो तुमची. पंधराच्या वर गेलात तर पावसाळ्यात तुम्ही गाडीच काढणार, आणि मग मेट्रोजवळचं घर म्हणून जादा भाडं कशाला? गाडी स्थानकाखाली लावून पुढे जाऊ, या भरवशावरही राहू नका. वनाझला जागा पुरत नाही, म्हणून लोक आसपासच्या गल्ल्यांत दुचाक्या लावतात. त्या गल्ल्यांतलं घर बघत असाल तर सकाळी साडेनऊला तुमच्या फाटकासमोर काय चित्र असतं तेही पाहून ठेवा.

एक बारीक विनोद इथे सांगायला हवा. मेट्रोचा वनाझचा डेपो ज्या जागेवर उभा आहे ती कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोची जागा. एके काळी ज्या बाजूला घर घेताना लोक नाक मुरडत, तिथे आज ‘मेट्रो व्ह्यू’चे पैसे मागतात. परिसराचं भवितव्य किती पलटू शकतं याचं याहून स्वच्छ उदाहरण पुण्यात शोधावं लागेल.

आता एकेक पट्टा. मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी आणि त्यांच्या मधल्या शांत गल्ल्या म्हणजे बऱ्याच जणांच्या मनातलं ‘ते’ कोथरूड. तीन-चार मजली इमारती, अधूनमधून उरलेले बंगले, झाडं, चालत जाता येईल अशी शाळा, वाणी, पोळीभाजी केंद्र. ज्येष्ठ नागरिकांसाठी, लहान मुलांसाठी उत्तम, पण एक अट आहे. जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. सत्तरीच्या आई-वडिलांसाठी तिसऱ्या मजल्यावरचा हवेशीर फ्लॅट घेणाऱ्यांना हे पहिल्या गुडघेदुखीला कळतं. पार्किंगही तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या हिशोबाचं, म्हणजे स्कूटरचं. सोसायटीत चारचाकीची जागा कागदोपत्री कोणाच्या नावावर आहे हे सेक्रेटरींना विचारा. ‘लावतो आपण कुठेतरी’ हे उत्तर म्हणजे जागा नाही.

डहाणूकर कॉलनी क्रमांकाच्या गल्ल्यांसाठी प्रसिद्ध. पत्ता सांगायला सोपा, रिक्षावाल्यालाही पाठ. बाजारहाट पायाखाली. आतल्या गल्ल्या शांत आहेत, पण सर्कलभोवती संध्याकाळी खाण्याच्या गाड्या आणि उभ्या दुचाक्या यांनी रस्ता अर्धा होतो. मेट्रोपासून लांब, म्हणून त्याच मापाचा फ्लॅट पौड रस्त्याच्या तुलनेत थोडा स्वस्त मिळायला हवा. मालक तसं मानत नाही, तेव्हा घासाघीस करताना हा मुद्दा हाताशी ठेवा.

रामबाग कॉलनी, शिवतीर्थनगर, आनंदनगरचा एमआयटीकडचा भाग हा विद्यार्थ्यांचा मुलूख. खानावळी, झेरॉक्स, पीजी, रात्री उशिरापर्यंत चहा. एकट्या नोकरदाराला सोयीचा. दहावीतलं पोर घरात असेल तर जरा विचार करा. घर बघायला दुपारी जाऊ नका, सगळे कॉलेजात असतात. रात्री अकराला जा आणि बेडरूमच्या खिडकीत पाच मिनिटं उभे राहा.

सुतारदरा, किष्किंधानगर, केळेवाडी हे टेकडीच्या उतारावरचे दाट वस्तीचे भाग. भाडं कमी, माणसं जोडलेली, पण चढ उभा आहे आणि पावसाचं पाणी गल्लीतूनच खाली धावतं. दुचाकी पहिल्या गिअरमध्ये घालावी लागते असा चढ असेल तर गॅसचा सिलिंडर आणि घरसामानाचा टेम्पो दारापर्यंत येतो का, हे आधी विचारा. येत नसेल तर सामान चढवणाऱ्यांचे पैसे वेगळे.

कोथरूड डेपोच्या पुढची भुसारी कॉलनी हिंजवडीवाल्यांची आवडती, आणि ते रास्तही आहे. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला, तेव्हापासून महामार्गाला लागणं खरंच सुकर झालं. मात्र कोंडी संपली नाही, पुढे सरकली. आता गाडी अडते ती भूमकर चौकात आणि हिंजवडीच्या तोंडाशी. सकाळी आठच्या आत निघालात तर पाऊण तास धरा, नऊ नंतर निघालात तर तासाच्या वरचं काही धरू नका. शुक्रवारी संध्याकाळी परतताना महामार्गावर साताऱ्याकडे जाणारी गर्दी भेटते. महामार्गाच्या बाजूला खिडक्या असलेल्या इमारतींत रात्रभर ट्रकचा घरघराट असतो; सहाव्या मजल्यावर तो कमी होत नाही, उलट अडवणारं काही नसल्याने जास्त येतो.

पाणी हा स्वतंत्र विषय. पुण्याला बहुतेक पाणी येतं खडकवासला साखळीतून, म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला. देखभालीसाठी महापालिका अधूनमधून गुरुवारी पुरवठा बंद ठेवते आणि शुक्रवारी सकाळी कमी दाबाने पाणी येतं. कोथरूडमध्ये सखल भागाला याचा फारसा चटका बसत नाही, चढावरच्या सोसायट्यांना बसतो. म्हणून घर बघायला शुक्रवारी सकाळी जाणं हे सगळ्यात फुकटचं आणि सगळ्यात उपयोगी काम. सोबत दहा लिटरची बादली न्या किंवा तिथलीच घ्या. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून ती भरायला किती वेळ लागतो पाहा. मिनिटभर, सव्वा मिनिट ठीक. दोन मिनिटांच्या वर गेलं तर एक तर गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप आतून चोंदलाय किंवा वरच्या मजल्यासाठी टाकीची उंचीच पुरत नाहीये. पहिल्याला प्लंबर आहे. दुसऱ्याला प्रेशर पंप लागतो आणि त्याला सोसायटीची परवानगी. मग खजिनदारांकडून एप्रिल-मेचा हिशोब मागा. ‘टँकर’ नावाचं खातं असेल तर त्यातला आकडा सदनिकांच्या संख्येने भागा. तो तुमच्या मेंटेनन्समध्ये येणारच आहे.

ओल तपासायला उन्हाळा वाईट आणि सप्टेंबर चांगला. शहराच्या पूर्वेपेक्षा या बाजूला पाऊस जास्त, आणि तो पश्चिमेकडून भिंतीवर झोडपतो. त्यामुळे पश्चिमेची भिंत आणि खिडकीच्या चौकटीखालचा पट्टा हाताने दाबून पाहा. रंगाखाली पोकळ आवाज आला, पोपडे हाताला लागले किंवा त्या एकाच भिंतीला नवा रंग दिसला, तर आत पाणी मुरतंय. सगळ्यात वरच्या मजल्यावर छताच्या कोपऱ्यांत पिवळी वर्तुळं शोधा. कपाटामागे टॉर्च मारायला लाजू नका. दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा की सदनिकाधारकाचा, यावर पुण्यात माणसं वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करतात.

आणि आता मूळ दुखणं, रिडेव्हलपमेंट. कोथरूडची वाढ झाली ती प्रामुख्याने सत्तर ते नव्वदच्या दशकांत, त्यामुळे एकाच वेळी शेकडो इमारती तिशी-चाळिशी ओलांडून पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या आहेत. गल्लीत शिरल्यावर पत्र्याची कुंपणं मोजा. शंभर मीटरच्या आत दोन असतील तर पुढची तीन वर्षं सकाळी ब्रेकर, दुपारी काँक्रीटचे मिक्सर आणि घरभर धूळ हे भाड्यात धरलेलं आहे असं समजा. एकही कुंपण नसेल तर लगेच खूश होऊ नका, रस्त्याची रुंदी बघा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) आणि प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम) मिळत नाही. बिल्डरला जादा मजले चढवता येत नसतील तर तो येत नाही. म्हणजे सहा मीटरच्या गल्लीला शांतता जास्त काळ मिळते, पण तिथे जुनी सदनिका विकत घेऊन ‘दोन वर्षांत नवी मिळेल’ अशी आशा धरणारा अडकतो. नऊ मीटरच्या गल्लीत उलटं. भाड्याने राहणाऱ्याने अरुंद गल्ली निवडावी, विकत घेणाऱ्याने टेप घेऊन रस्ता मोजावा. आणि महापालिकेने ती गल्ली नऊ मीटर करण्याची रेषा आखली आहे का हे बांधकाम विभागात विचारावं. आखली असेल तर कंपाउंडची भिंत आत सरकते, पार्किंगची एक रांग जाते.

भाडेकरूने सूचनाफलक वाचावा. पुनर्विकासासाठी विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागली असेल तर घड्याळ सुरू झालेलं आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते, पूर्वीसारखी पाऊणशे टक्क्यांची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे ‘अहो, दहा वर्षं नुसतं चाललंय’ या मालकाच्या आश्वासनावर विसंबून मोड्युलर किचनला स्वतःचे पैसे घालू नका. करारात लिहून घ्या: इमारत रिकामी करायची वेळ आली तर लॉक-इन (ठराविक मुदतीआधी घर न सोडण्याची अट) लागू नाही, दोन महिन्यांची नोटीस आणि अनामत रक्कम किल्ली देताना परत. विकत घेणाऱ्याने सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीच्या मालकीचं हस्तांतरण, झालंय का ते पाहावं. झालं नसेल तर जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे आणि मानीव अभिहस्तांतरणाची (मालक करून देत नसेल तेव्हा सरकारकडून ती जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची) फेरी तुमच्या वाट्याला येणार.

कागदपत्रांचा खर्च आधी मांडून ठेवलेला बरा. अकरा महिन्यांचा करार असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक अनामतीवर वार्षिक १० टक्के गृहीत व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का. महिना ३०,००० भाडं आणि एक लाख अनामत असेल तर ३,३०,००० अधिक १०,०००, त्याचा पाव टक्का म्हणजे ८५० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. यावर एजंट जे सांगेल ते घरी येऊन अंगठा घेण्याच्या त्याच्या सेवेचे, सरकारचे नव्हे. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून जे शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. ते तुमच्यावर ढकललं जात असेल तर आकडा तपासा. एकट्या मुलग्यांना किंवा मुलींना घर द्यायचं नाही असे तोंडी नियम इथल्या कित्येक सोसायट्यांत आहेत. ते कायद्यात नाहीत, पण टोकन देण्याआधी सेक्रेटरींशी बोलून घेतलं तर पुढचे सहा महिने लिफ्टमधले चेहरे सुसह्य होतात. लिफ्ट असली तर.

विकत घेताना पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारासह ७ टक्के, घर एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर ६. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,०००. जुन्या घराच्या जाहिरातीत ‘९१० चौरस फूट’ असं असेल तर ते सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरलेलं माप, असण्याची दाट शक्यता. त्या वाट्यापोटी ४० टक्के लोडिंग धरलं असेल तर आत चटई, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची जागा, ६५० फूट निघते. भाव नेहमी आतल्या मापाने काढा आणि माप स्वतः टेपने घ्या. ताबा घेतला की महापालिकेकडे पीटी-३ अर्ज भरायला विसरू नका, स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत त्यावरच मिळते.

टेकडीबद्दल सगळे भरभरून बोलतात, आणि योग्यच बोलतात. वेताळ टेकडी आणि ग्रामदैवताच्या नावाची म्हातोबा टेकडी घरापासून चालत गाठता येणं ही कोथरूडची अशी चैन आहे जी बाणेर-खराडीतले मोठे क्लब हाऊसही देत नाहीत. फक्त अंधार पडायच्या आत उतरा. बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा वाद याच टेकडीवरून चालू आहे; रस्ता झाला तर पौड फाट्याजवळच्या गल्ल्यांचं रूप बदलेल, हेही ध्यानात असू द्या. तसंच वनाझ ते चांदणी चौक हा मेट्रोचा वाढीव टप्पा केंद्राने २०२५ मध्ये मंजूर केला आहे. भुसारी कॉलनीला त्याचा फायदा होणार, पण आधी पौड रस्ता त्या टोकाला उकरला जाणार. गेल्या वेळी कर्वे रस्ता आणि नळस्टॉपने हे भोगलं. दुमजली उड्डाणपूल झाला, चौक मोकळा झाला आणि गर्दी पुलाच्या दोन्ही टोकांना जाऊन उभी राहिली.

शेजारच्या पर्यायांवर फार वेळ घालवत नाही. सिंहगड रस्ता स्वस्त आहे, पण नदीकाठच्या सोसायटीत निळ्या पूररेषेचा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारा) नकाशा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत तळमजल्यांत पाणी शिरलं ते याच कारणाने. डी. पी. रस्त्यावर, म्हात्रे पूल ते राजाराम पूल, लग्नसराईत लॉन्सचे बँड आणि फटाके असतात. बाणेर नवं आणि चकचकीत, मात्र कोपऱ्यावरचा वाणी नाही. खराडीत नोकरी असेल तर वनाझहून रामवाडीपर्यंत मेट्रो थेट आहे, पण पुढचे चार-पाच किलोमीटर बस किंवा रिक्षाच्या भरवशावर. दिवसाचे अडीच तास त्यात जाणार असतील तर कोथरूडचा हट्ट सोडलेला बरा. विमानतळही त्याच टोकाला.

घर शोधायला सुरुवात कधी करायची हाही पैशाचा प्रश्न आहे. जून ते ऑगस्ट प्रवेशाचा मोसम. एमआयटी आणि कर्वेनगरच्या कॉलेजांमुळे मालकांकडे रांग असते आणि बादली भरून बघेपर्यंत फ्लॅट जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तोच फ्लॅट महिनाभर रिकामा असतो. मालक तेव्हा भाड्यात फार उतरत नाही, पण पश्चिमेच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग आणि नवे नळ करून द्यायला राजी होतो. ते काम पूर्ण झाल्यावरच अनामत द्या.